करंजखोरीची सभा

करंजखोरी, तालुका भोकरदन
१० फेब्रुवारी १९३७

भुजंगास दस्तगीरचा सलाम.

तुझं कार्ड मिळालं. वर 'नमस्ते' पाहून दोनदा वाचलं. इतकी वर्षं रामराम लिहीत आलास. जालन्यात आर्यसमाजात जायला लागल्यापासून तू सगळ्यांना असंच म्हणतोस, असं तुझे बद्रीदादा सांगत होते. बरं आहे. मी मात्र सलामच लिहीन.

माघी पुनव जवळ आली. टेकडीवर चुना मारून झाला. अब्बांनी कबरीवरचा गिलाफ धुऊन वाळू घातलाय. तुझे वडील गेल्याला आता वर्ष होईल, म्हणून औंदा उरसाला संदलाचं ताट कोण उचलणार, असं गाव विचारून राह्यलंय. तुमच्या पाटलाच्या घरातून ताट निघाल्याबिगर पीरसाहेबांवर चंदन चढत न्हाई, ही पणजोबांपासूनची चाल. थोरले म्हणून बद्रीदादा उचलतीलच, पण तुझी माय म्हणते, भुजंगानं उचलावं, बापाचा तो लाडका होता. हे सांगायला सगुणामाय शाळेत आल्ती. पोरांना उजळणी म्हणायला लावून मी तिचं ऐकत बसलो.

तू लिहिलंस, "मातीच्या ढिगापुढे आता मान झुकणार नाही." हे मी अब्बांना वाचून दाखवलं न्हाई. एवढंच सांगितलं, की जिनिंगात कापसाचा हंगाम आहे, मुनिमाला सुट्टी मिळणं मुश्किल. ते म्हणले, "एका दिवसाची तर बात हाय. शेठला मी येऊन सांगू का?" पीराचा मुजावर सांगतोय म्हटल्यावर शेठ ऐकेल, असं त्यांना वाटतं.

भुजंग, भोकरदनच्या शाळेत आपण एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेत. तव्हा तू काय मानतो आणि मी काय मानतो, हे कुणी विचारलं न्हाई. एक दिवस ये. मान झुकवू नको. ताट तेवढं उचल.

दस्तगीर


जालना
६ मार्च १९३७

प्रिय दस्तगीर, नमस्ते.

मी आलो नाही. ताट बद्रीदादाने नेले, हे कळले. तू मनात राग धरला असशील म्हणून कारण स्पष्ट लिहितो. सुट्टी मिळत होती. मी मागितली नाही.

जे खरे आहे ते सगळीकडे खरे असले पाहिजे. इथे जिनिंगच्या काट्यावर हिंदूच्या कापसाचे वजन वेगळे आणि मुसलमानाच्या कापसाचे वेगळे भरत नाही. मग ईश्वराची गोष्ट निघाली, की तुझे तुला खरे आणि माझे मला खरे, असे आपण कसे म्हणतो? ईश्वर एक आहे, त्याला रूप नाही. तो दगडात नाही आणि कबरीतही नाही. मी काही फक्त तुमच्या पीराला बोलत नाही. राजूरच्या गणपतीला जाऊ नकोस म्हणून आईलाही सांगितले. ती माझ्याशी बोलेनाशी झाली आहे.

साळूबाई कुंभारणीचे लेकरू आठव. ताप डोक्यात चढला होता आणि ती त्याला घेऊन टेकडीवर बसली. मखदूमचाचांनी दुवा म्हणून फुंकर घातली. आमच्या आईने देवीला नवस बोलला. भोकरदनचा दवाखाना चार कोसांवर होता. तिकडे कुणी नेले नाही. लेकरू कशाने गेले, हे तुला माहीत आहे आणि मलाही. या गोष्टींना आपण परंपरा म्हणत बसलो तर उद्या आणखी कुणाचे लेकरू जाईल.

आणि तुझा स्वतःचा धर्म तरी कबर पूजायला कुठे सांगतो? बऱ्हाणपूरकडचे एक मौलवी इथे आले आहेत. ते मशिदीत हेच सांगतात. माझे ऐकू नकोस, त्यांचे ऐक. पण डोळे उघडून ऐक. तू मास्तर आहेस.

चाचांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही.

भुजंग


करंजखोरी
२२ ऑगस्ट १९३७

भुजंगास सलाम.

लई दिवसांनी लिहून राह्यलो. मधल्या काळात मी जालन्याला येऊन गेलो. तुला भेटलो न्हाई. आधी माझ्या मनाचा मला पत्ता लागायचा होता. मौलवीसाहेबांकडं सुट्टीभर बसलो. तू म्हणतो ते बराबर आहे. आमच्या किताबात कबरीला सज्दा न्हाई, नारळ न्हाई, दिवा न्हाई. मी इतकी वर्षं पोरांना शिकवतो आणि हे मीच कधी धड वाचलं नव्हतं.

घरी येऊन अब्बांना सांगितलं, की उद्यापासून टेकडीवर नारळ फोडू द्यायचा न्हाई, आणि बायाबापड्यांच्या लेकरांवर फुंकर घालणं बंद. ते दिवे पुसत होते. पुसतच राह्यले. मंग म्हणले, "तुम्ही दोघं शिकले, बरं झालं. पण लोक इथं खरं-खोटं कराय येत न्हाईत रे. लेकरू रडतं, ते कुणालातरी दाखवावं वाटतं, म्हणून येतात."

मी म्हटलं, "मंग दवाखान्यात दाखवा."

ते म्हणले, "ते बी सांगतो मी. साळूबाईलाबी सांगितलं होतं. तिच्यापाशी गाडी नव्हती."

हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल, म्हणून लिहिलं.

पण भुजंग, एक ऐक. तू मला माझी किताब वाचायला लावलीस, ती मी सगळी वाचली. आता मौलवीसाहेब विचारतात, की तुमचे वेद ईश्वरानं कुणाला दिले, कव्हा दिले, साक्षीला कोण होतं. याचं उत्तर तुझ्यापाशी आहे का? का काटा फक्त आमच्याच मालाला लावायचा? ते म्हणतात, तुमचे पंडित बोलवा, आम्ही येतो, गावासमोर होऊन जाऊ दे. बाजारच्या दिवशी चावडीपुढं सभा घेऊ. लोक आपल्या कानांनी ऐकतील आणि जे खरं ते धरतील. तुला कबूल असेल तर दिवाळीनंतरची तारीख कळव.

अब्बा आजकाल टेकडीवर एकटेच असतात. बाया पायथ्यापर्यंत येतात आणि मला पाहून माघारी जातात.

दस्तगीर


जालना
१९ डिसेंबर १९३७

दस्तगीर, नमस्ते.

सभेहून आलो त्याच दिवशी लिहिणार होतो, पण राग निवू दिला.

पंडितजींच्या एकाही प्रश्नाला तुमच्या मौलवींनी सरळ उत्तर दिले नाही, हे सगळ्या गावाने पाहिले. तरी तू भोकरदनला सांगत सुटलास म्हणे, की आर्यसमाजाचा पंडित निरुत्तर झाला. मित्र म्हणून तुझ्याकडून मला याची अपेक्षा नव्हती. पंडितजी थोडे जास्त बोलले, हे मी मान्य करतो. तुमच्या पैगंबरांविषयी ते वाक्य नको होते. पण आधी तुमच्या मौलवींनी आमच्या सगळ्या बायकांदेखत कृष्णाविषयी काय काढले ते आठव.

आणि दगड. पहिला दगड शाळेच्या बाजूने आला. तिथे तुमची माणसे उभी होती. मी डोळ्यांनी पाहिले. आम्हाला मोटारीत घालून गावाबाहेर काढले नसते तर काय झाले असते कोण जाणे. शांतपणे बोलायला आलेल्या माणसांवर दगड पडतात, मग खरे कुणाच्या बाजूला आहे हे सांगावे लागत नाही.

बद्रीदादाचे पत्र आले आहे. यंदापासून पाटलाच्या घरून संदल निघणार नाही. मी त्याला तसे सांगितलेले नाही, पण मी त्याला अडवणारही नाही. तू नारळ बंद केलेस, त्याने ताट बंद केले. दोन्ही एकाच कारणाने झाले, असे मी समजतो.

एक चांगले झाले. निदान आता कुणी अंधारात नाही.

भुजंग


करंजखोरी
२० फेब्रुवारी १९३८

भुजंग,

दगड शाळेच्या बाजूनं आला न्हाई. बैलगाड्या सुटल्या होत्या तिथून आला. पण मी यावर आता भांडणार न्हाई, कारण तो कुठं लागला हे तुला माहीत न्हाई. तू मोटारीत बसलास आणि गेलास. अब्बा गुळाचं पाणी घेऊन आल्ते. दोन तांबे होते त्यांच्या हातात, एक मौलवीसाहेबांना, एक पंडितजींना. बोलून बोलून गळे सुकले असतील म्हणले. दगड त्यांच्या कपाळाला लागला. डावा डोळा गेला.

कुणी मारला हे त्यांना विचारलं, तर म्हणतात, "मी खाली पाणी बघत होतो."

पुनवेला उरूस झाला. झाला म्हणायचं. अब्बा सकाळपासून टेकडीच्या पायरीवर तुमच्या घराकडं तोंड करून बसले. मी म्हटलं, ताट येणार न्हाई, चला. ते म्हणले, येईल, पाटलाचं घर आहे. ऊन उतरलं तव्हा तुझी माय एकटीच वर आली. हातात वाटीभर चंदन होतं, घरच्या सहाणेवर उगाळलेलं. बद्रीदादा तिला लई बोलले म्हणे. अब्बांनी ती वाटी घेतली. मी तिथंच उभा होतो. मौलवीसाहेबांकडं शिकलेलं सगळं मला आठवत होतं, तरी मी त्यांना अडवलं न्हाई.

आता गावाचं ऐक. वरच्या विहिरीवर आमच्या बायांना पाणी भरू देत न्हाईत. मशिदीपुढून लग्नाचं वाजंत्री न्यायचं, तर आमची माणसं काठ्या घेऊन उभी राहतात. ह्याच माणसांनी ताबूत आणि वराती एकमेकांच्या खांद्यावर नेल्या होत्या. शाळेत तुमची पोरं वेगळ्या सतरंजीवर बसतात. मी बसवली न्हाईत, त्यांची तीच बसतात.

तू लिहिलंस, आता कुणी अंधारात न्हाई. एकदा येऊन पाहा.

दस्तगीर


चिखली, वऱ्हाड
२ मार्च १९४८

दस्तगीर,

दहा वर्षांनी लिहितो आहे. मी सत्याग्रहात तुरुंगात गेलो, सुटलो, ते तुला कळले असेल. तुझ्या लग्नाचे मला कळले होते. दोघांनीही एकमेकांना लिहिले नाही. आता लिहायचे ते असे लिहावे लागते आहे.

हे पत्र बांगड्यांचा एक व्यापारी घेऊन येईल. टपालावर भरवसा नाही. बद्रीदादा, वहिनी आणि मुले हद्द ओलांडून इथे आमच्या छावणीत पोचली. रझाकारांनी आमच्या घराला आग लावली आणि वहिनीचा भाऊ मच्छिंद्र याला वेशीत गोळी घातली, हे त्यांच्याकडून समजले. मच्छिंद्र पाहुणा आला होता. त्याचे लग्न ठरले होते. दादा दिवसभर हद्दीकडे बघत बसतो.

आई मागे राहिली. धावपळीत ती गाडीत बसली नाही. घर सोडणार नाही म्हणाली आणि परत फिरली, असे दादा सांगतो. तो मागे वळला असता तर बाकीचे गेले असते.

दादा आणखी एक सांगतो. तो म्हणतो, त्या दिवशी तू शाळेच्या दारात खाकी घालून उभा होतास.

मला वाद घालायचा नाही. आई जिवंत आहे का, एवढेच लिही. काहीही असले तरी लिही.

भुजंग


करंजखोरी
३ एप्रिल १९४८

भुजंगास सलाम.

सगुणामाय जिवंत आहे. आमच्या घरात आहे. तब्येत ठीक, गुडघे दुखतात. अंगणात कडुनिंबाखाली तिला वेगळी चूल मांडून दिली आहे, कारण माझ्या बायकोच्या, हलीमाच्या हातचं ती खात न्हाई. आमच्या मुलीला मात्र स्वतःच्या ताटात घेऊन बसते. हलीमाशी रोज भांडते आणि रोज तिची वेणी घालते. तू काळजी करू नको.

बद्रीदादांनी पाहिलं ते खरं आहे. खाकी माझ्या अंगावर होती. रझाकारांचा सालार, म्हंजे म्होरक्या, शाळेत आला आणि म्हणला, मास्तर लिहितो-वाचतो, मास्तर न्हाई आला तर गाव काय येईल. मी भोकरदनला कवायतीला जाऊन आलो. त्या दिवशी आलेले लोक बाहेरगावचे होते, पण रस्ता दाखवणारे इथलेच होते. मच्छिंद्राला धरलं तव्हा मी पाहत होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो न्हाई. बोललो असतो तर काय झालं असतं, याचा रोज विचार करतो.

ते आमच्या घरात शिरले तव्हा अब्बांनी आणून बसवलेली सगुणामाय चुलीपाशी होती. कुंकू न्हाई, पण लुगडं आणि कपाळावरचं गोंदण लपतं थोडंच? सालारानं अब्बांना विचारलं, ये बुढिया कौन है. अब्बा म्हणले, "मेरी बहन है." तो म्हणला, कसम खाओ. अब्बांनी खाल्ली. ते गेल्यावर माय म्हणली, "मखदूमभाई, माझ्यासाठी खोटं बोलले तुम्ही." अब्बा म्हणले, "खोटं काय बोललो?"

तिला हद्दीपार घेऊन येणं आता जमणार न्हाई. नाके बसवलेत. ती इथंच राहू दे.

दस्तगीर


चिखली
१४ ऑक्टोबर १९४८

प्रिय दत्तात्रय, सप्रेम नमस्ते.

हे नाव मी पहिल्यांदाच लिहितो आहे. निझामाचे राज्य गेले. दसरा झाला. इतक्या वर्षांत असा दसरा पाहिला नव्हता. हिवतापाने मी अंथरुणाला खिळलो आहे, नाहीतर फौजेच्या मागोमाग तिथे आलो असतो. बद्रीदादा लगेच परतला, आणि काल त्याचे पत्र हाती पडले.

तो लिहितो, करंजखोरीच्या सगळ्या मुसलमानांनी आपखुशीने शुद्धी करून घेतली. चावडीपुढे हवन झाले आणि तू पुढे बसला होतास. तुझे नाव त्याने स्वतः निवडले, पहिले अक्षर तेच ठेवले. मी ते वाचून रडलो. आपली सभा झाली त्या दिवशी मी घरी येऊन स्वतःला विचारले होते, की या सगळ्याचा उपयोग काय झाला. बी कधी रुजते ते आपल्याला कळत नाही. तू विचार करणारा माणूस आहेस. भीतीने तू काही करणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणूनच मला याचे मोल वाटते.

माझ्या आईला तुम्ही सांभाळलेत. त्या ऋणातून मी कधी सुटणार नाही. आता तर आपण खरोखरच एका घरचे झालो. खाकीचे मी विसरलो. तूही विसर.

मखदूमचाचांनीही शुद्धी घेतली असेलच. त्यांचे नाव काय ठेवले? मला त्या नावाने त्यांच्या पाया पडायचे आहे. बरे वाटले की येतो.

तुझा भुजंग


करंजखोरी
८ नोव्हेंबर १९४८

भुजंग,

तुझं पत्र आलं तव्हा अब्बा होते. उत्तर लिहायला बसलो तव्हा न्हाईत.

आपखुशीनं, असं बद्रीदादांनी लिहिलं. कसं झालं ते मी लिहितो. तुझे दादा आले, सोबत आसपासच्या गावांची माणसं होती, कुऱ्हाडी आणि फौजेकडून मिळालेल्या बंदुका होत्या. आमच्या बाप्यांना विहिरीपाशी बसवलं. रझाकारांना रस्ता दाखवणारे दोघं त्यात होते. त्यांना ओढ्याकडं नेलं. त्यांच्यासंगं करीम विणकरालाही नेलं, त्यानं काहीच केलं नव्हतं, तो फक्त मधे बोलला. मंग बद्रीदादा म्हणले, "आता राहिलेल्यांनी ठरवा." हवन आधीच पेटलेलं होतं.

मी पुढं बसलो होतो, बराबर आहे. मागं हलीमा आणि पोरगी उभ्या होत्या. डोकं भादरलं. मंत्र म्हणायला सांगितला, तो मला येत होता, सभेच्या वेळी तूच लिहून पाठवला होतास. माझा उच्चार चांगला आहे म्हणले.

सगुणामाय मधे येऊन उभी राह्यली. बद्रीदादांना म्हणली, "ह्यांनी मला झाकून ठेवलं, तू ह्यांना असं करतो?" ते म्हणले, "म्हणून तर जिवंत सोडतोय, माय. बाजूला हो." ती बाजूला झाली न्हाई. तिला दोघांनी धरून घरात नेलं.

मी दादांना वाईट माणूस म्हणत न्हाई. मच्छिंद्राचं नाव घेताना त्यांच्या तोंडाला फेस येत होता. आणि हवन संपल्यावर त्यांनीच माझ्या हातात खडीसाखर दिली, म्हणले, आता तुला कुणी हात लावणार न्हाई. त्यांना वाटतं, त्यांनी मला वाचवलं. वाचवलंही असेल.

टेकडीवर कबरीला शेंदूर फासला आहे. अब्बांचं नाव मारुती ठेवलं. त्या नावानं हाक मारली की ते ओ देत न्हाईत. मी अब्बा म्हटलं तर घाबरून दाराकडं बघायचे. मंग त्यांनी कुणालाच ओ द्यायचं सोडलं. जेवण सोडलं. माय रोज भाकर कालवून घेऊन बसायची. तिच्या हातचा घास त्यांनी तोंडात घेतला तर घेतला, न्हाईतर न्हाई. एक दिवस माझा हात धरून हळूच म्हणले, "मला कबरस्तानात तुझ्या अम्मीजवळ ठेव." दिवाळीच्या आधी गेले.

बद्रीदादांनी माणसं पाठवली. कबरस्तानात न्यायचं न्हाई म्हणले, हिंदू झालेला माणूस पुरला तर सगळी शुद्धी खोटी ठरेल, बाकीचेबी फिरतील. लाकडं त्यांनी स्वतःच्या शेतातली दिली, बाभळीची, वाळलेली. स्वतः खांदा दिला. सगळे म्हणत होते, मुलानं अग्नी द्यायचा असतो.

मी दिला, भुजंग. हलीमा आणि पोरगी घरात होत्या आणि दारात माणूस बसवलेला होता.

तू विचारलंस म्हणून त्यांचं नाव लिहिलं. त्या नावानं पाया पडू नको.

दस्तगीर


चिखली
१७ नोव्हेंबर १९४८

दस्तगीर,

पत्र वाचले. आता जे लिहितो ते पुरेसे नाही. बद्रीदादाने लिहिलेले मी खरे धरले, कारण मला ते खरे असायला हवे होते. तुला एका शब्दाने विचारले नाही.

ताप आहे, तरी निघतो आहे. इथल्या एका अधिकाऱ्याशी बोललो आहे. माझ्या भावाविरुद्ध माझी जबानी मी देईन. गावात येऊन चावडीपुढे सगळ्यांना जमवीन आणि सांगेन, की जबरदस्तीने झाले ते झालेच नाही. तू दस्तगीर आहेस आणि दस्तगीर राहशील. आपण पुन्हा एकदा सभा घेऊ. या वेळी मी तुझ्या बाजूने बोलेन.

मी पोचेपर्यंत कुठे जाऊ नकोस.

भुजंग


औरंगाबाद
१२ डिसेंबर १९४८

भुजंगास सलाम.

तू गावात आलास तव्हा आमच्या घराला कुलूप होतं, हे मायच्या निरोपावरून कळलं. आम्ही हलीमाच्या बहिणीकडं आलोय. इथल्या एका वखारीत मला हिशेबाचं काम मिळालं. पोरगी अजून अनोळखी माणसाला नाव सांगत न्हाई. कोणतं सांगायचं ते तिला समजत न्हाई, म्हणून गप्प बसते.

चावडीपुढं तू एकटाच बोललास, असं ऐकलं. बद्रीदादा उठून शेतात निघून गेले. तुम्ही दोघं भाऊ आता बोलत न्हाई म्हणे. ते माझ्यासाठी करू नको. जबानी द्यायची तर करीमसाठी दे. त्याची बायको आता भोकरदनला आहे, तिच्याकडं जा. माझ्या बाजूनं सभा घेऊ नको. माझी कुठलीच बाजू आता सभेत मांडण्यासारखी राह्यली न्हाई.

आता एक गोष्ट सांगतो. ती हलीमा, मी आणि तुझी माय सोडून कुणाला माहीत न्हाई.

अब्बांना अग्नी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी बद्रीदादांनी मला अस्थी गोळा करायला पाठवलं. त्या पूर्णेला नेऊन सोडायच्या होत्या. माय म्हणली, मी येते सोबत. पाटलाची म्हातारी बरोबर आहे म्हणून कुणी अडवलं न्हाई. नदीच्या वाटेवर कबरस्तानाचं कुंपण लागतं. तिथं ती थांबली. म्हणली, "तुझी माय कुठं हाय ते दाखव." मी दाखवलं. ती गुडघ्यावर बसली आणि खुरप्यानं माती उकरू लागली. मी तिच्या हातातलं खुरपं घेतलं. भरदुपार होती, दूर कुणी बैल हाकत होतं. आम्ही अब्बांना अम्मीजवळ ठेवलं आणि वर माती सारखी केली.

मला जनाज्याची नमाज पुरी आठवली न्हाई. जेवढी आठवली तेवढी म्हणलो. माय हात जोडून बसली होती. तिनं तांब्यातलं पाणी मातीवर शिंपडलं आणि म्हणली, "मखदूमभाई, निजा आता." मंग रिकामं गाठोडं घेऊन आम्ही नदीवर गेलो आणि लोकांना दिसेल असं ते पाण्यात सोडलं.

जाळलेल्या माणसाला पुरणं हे कोणत्या धर्मात बसतं, हे मी कुणाला विचारलं न्हाई. तू बी विचारू नको.

इकडं येऊ नको. तुला पाहायला माझं मन तयार झालं, की मीच लिहीन. मायला सांग, गुडघ्याला तेल लावत जा.

दस्तगीर